मिस भास्करराव

रावपुऱ्यातल्या त्या तरुण वकिलाच्या टेबलावर कौमुदीने फाइल अशी काही आपटली की त्याचा अर्धा चहा बशीत सांडला.

"सोगंदनामा हवाय, प्रतिज्ञापत्र. आत्ताच्या आत्ता!"

"बसा ना, बेन. काय झालं?"

"बेन म्हणू नका हो! आधीच डोकं फिरलंय."

हेरंब दिघेने हसू दाबलं. त्याच्या डाव्या गालावर खळी पडते हे नेमकं तिला दिसलं, आणि ती आणखीच चिडली.

चिडेल नाही तर काय! शहरातल्याच हरणी भागातली ही पोरगी युरोपात शिकून व्यावसायिक वैमानिक झाली. आता अमेरिकेचा परवाना हवा होता. त्यासाठी युरोपने आधी अमेरिकेला कळवायचं की हो बाबांनो, हिचा परवाना खरा आहे. मग तिथे जाऊन पुन्हा परीक्षा, पुन्हा उड्डाण. पाच डिसेंबरची तारीख मिळाली होती, ती चुकली की ठरलेली नोकरी गेली. आणि युरोपचं उत्तर काय? कौमुदी शिर्के नावाची वैमानिक आमच्याकडे नाहीच!

"दोन वर्षं त्यांच्या आभाळात काय माझं भूत उडत होतं?"

हेरंबने परवाना निरखला. "इथे आडनाव... भास्करराव आहे."

"ते बाबांचं नाव आहे!"

"तिकडचा फॉर्म भरताना शाळेतल्यासारखं आडनाव आधी लिहिलंत ना? शिर्के कौमुदी भास्करराव. त्यांनी शेवटचं ते आडनाव धरलं."

कौमुदीचं तोंड एवढंसं झालं. तिकडे सगळे तिला 'मिस भास्करराव' म्हणायचे... आणि तिला वाटायचं, किती अगत्याने बाबांचं नाव घेतात! चूक तिचीच होती. ती या खळीवाल्याने काढून दाखवावी, म्हणजे कमालच झाली.

दोन्ही नावं एकीचीच, असं प्रतिज्ञापत्र युरोपला गेलं. शिक्का फिकट म्हणून परत आलं. पुन्हा गेलं, तर तारखेत आधी दिवस की आधी महिना, म्हणून परत! दर वेळी ती स्कूटरवरून तणतणत यायची, तो ऐकून घ्यायचा आणि कोपऱ्यावर सेव-उसळ खायला घेऊन जायचा. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंसुद्धा नाही.

"रडतेस?"

"तर्री तिखट आहे!"

त्याने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "एक सांगू, मिस भास्करराव? रोज सकाळी उठल्या उठल्या तुझं अमेरिकेचं पत्र आलं का, ते मी बघतो. आलं नाही की वाईट वाटतं. आणि... जरा बरंही वाटतं."

"बरं काय वाटतं, मेल्या! माझी परीक्षा जाईल!" ती ओरडली खरी, पण ताटलीतून मान काही वर करेना.

वीस नोव्हेंबरला पत्र आलं. अमेरिकेला तिची ओळख पटली! कौमुदी धावत रावपुऱ्यात आली, आणि त्याच्या दारात पोचल्यावर तिला एकदम रडूच फुटलं. परवा निघायचं होतं.

हेरंबने एक स्टँप पेपर पुढे केला.

"आता काय राहिलं आणखी?" ती वैतागून वाचू लागली.

'मी, दिघे हेरंब विश्वंभर, सोगंदपूर्वक लिहून देतो की, कौमुदीने परत आल्यावर माझ्याशी लग्न केलं, तर तिला माझं नाव किंवा आडनाव लावायला मी वा माझ्या घरचं कोणीही सांगणार नाही. कारण हे सगळं पुन्हा करायची माझ्यात ताकद नाही.'

तिने दोनदा वाचलं. डोळे पुसले. मग त्याच्या खिशातलं पेन ओढून घेतलं.

"आडनाव शेवटी रे, बावळटा! कितीदा सांगायचं?"

दिघे खोडून तिने शेवटी लिहिलं, आणि खाली स्वतःची सही ठोकली. कौमुदी भास्करराव शिर्के.

"बघतोस काय? शिक्का मार. फिकट नको."

हेरंबने शिक्का मारला. चांगला ठळक, पण उलटा.