पुतळीचा डोह

झिलू गावडा मोठा हट्टी. रेड्याशी शिंगं लावील पण मागं सरायचा न्हाई, असं सगळं गाव हसून म्हणायचं. जर्मनच्या लढाईच्या साली, आषाढात, त्याची बायको केशर हिवतापानं पडली. सहावा महिना चालला होता तिचा. तापाच्या भरात ती सारखी उठून बसायची, रोप लावायला जाते म्हणायची, आणि पुन्हा कोसळायची. झिलूनं पहाटे नदीपलीकडचं सुपा गाव गाठलं, डॉक्टरांकडून हिवतापावरच्या कोयनेलाची बाटली घेतली, कमरेला घट्ट बांधली आणि दुपारी काळी नदीच्या काठावर परत आला.

सकाळपासून पूर चढला होता आणि नाव बंद होती. नावाडी लखू म्हातारा त्याला थांब म्हणाला. उद्या पाणी उतरेल, आणि खाली पुतळीचा डोह आहे हे विसरू नको. पुतळी म्हणजे लखूचीच लेक, तीन वर्षांपूर्वी त्या डोहात गेलेली. तेव्हापासून ती सोबतीला माणूस ओढते असं लोक बोलत. झिलूनं ऐकून घेतलं, वाळक्या भोपळ्यांची सांगड छातीला धरली आणि उडी टाकली. केशर उद्यापर्यंत निभावेल याचा त्याला भरवसा नव्हता.

अर्ध्यात धारेनं त्याला उचललं आणि डोहाच्या भोवऱ्यात नेऊन टाकलं. झिलू हातपाय मारू लागला. भोपळे त्याला बुडू देईनात आणि भोवरा त्याला सोडीना. काठावरचं तेच जांभळीचं झाड फिरून फिरून समोर येई. हात भरून आले, तोंडात पाणी गेलं. आणि मग पुराचा आवाजच थांबला. कुजक्या पानांच्या वासात ओल्या जाईचा वास आला.

"झिलूदादा..." अगदी कानाशी कुणी म्हणालं. "भोपळे सोड."

आवाज ओळखीचा होता. झिलूनं भोपळे आणखीच घट्ट धरले. बुडालेलं माणूस आधी आपला आधार सोडायला लावतं, हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं.

"घरात केशर हाय गं..." तो कसाबसा म्हणाला.

"म्हाईत हाय... म्हणून तर सांगते. झटू नको. दम राख. वाट खालनं हाय."

हातात फार तर दहा-वीस हात मारायची ताकद उरली होती. ती भोवऱ्यावर उधळावी की काठासाठी ठेवावी? जन्मात पहिल्यांदा झिलूनं हट्ट सोडला. भोपळे सुटले. थंडगार बोटांनी त्याचा घोटा धरला आणि त्याला खाली, काळोखात नेलं. तो झटला नाही. तळाच्या धारेनं त्याला लांब खाली उथळ पाण्यात फेकलं. राखलेल्या ताकदीनं त्यानं काठ गाठला.

घरी केशर शांत पडली होती. कपाळ निवलेलं.

"दुपारपासनं एक बाई बसलेली," ती म्हणाली. "उठू देईना. म्हणाली, झटू नको, पडून राहा... तुझा घोव येतोय."

उशाशी सारवलेली जमीन ओली होती. औषधानं उरलेला ताप चार दिवसांत गेला. आश्विनात मुलगी झाली. तेव्हापासून नव्या भाताचं पहिलं पान झिलू डोहावर ठेवी आणि मोठ्यानं म्हणे, पुतळे, तुझे उपकार या जन्मी फिटायचे न्हाईत. पहिल्यांदा ते ऐकून लखू म्हातारा पोरासारखा रडला होता.

पोर वर्षाची झाली. एका दुपारी पाळण्याखालची जमीन ओली दिसली. पाळणा दुसरीकडं हलवूया, केशर घाबरून म्हणाली. झिलूनं हात जोडले आणि पाळणा होता तिथंच राहू दिला. बाहेर कोरडं ऊन होतं. पोर झोपेत हसत होती. तिचे केस ओलेचिंब होते, आणि कुणीतरी मायेनं भांग पाडून विंचरलेले.