काळ्या कापडाखालची टाकी

"अहो, डोकं आत घाला! उजेड शिरला तर काय दिसणार, कपाळ?"

शिन-रूने कोळंबीच्या टाकीवरचं काळं कापड उचललं आणि मत्स्यखात्यातून पाणी तपासायला येणारा तो उंच, अवघडलेला बो-यान तिच्या शेजारी टाकीवर वाकला. भर दुपारी मिट्ट काळोख... आणि पाण्यात निळा उजेड! थंड, शांत, काठोकाठ भरलेला. कोळंबीची मेलेली पिल्लं त्यातच तरंगत होती.

"अरे बापरे..." तो पुटपुटला.

"बाबा म्हणतात, भुतांचा महिना चाललाय, भुकेली भुतं आलीत. उदबत्त्याही लावून झाल्या." तिने मेलेल्या पिल्लांकडे बोट दाखवलं. "ही टाकी गेलीच. दुसरीही गेली, तर सगळं विकून हे डोंगगांग गाव सोडायचं."

"भुतं नाहीत, जंतू आहेत," तो हळूच म्हणाला. "एकटादुकटा असला की गप्प बसतो. पण प्रत्येक जण पाण्यात एक रसायन सोडतो... 'मी आहे, मी आहे' असा निरोपच म्हणा ना! निरोप दाटले की सगळ्यांना कळतं, आपण पुष्कळ झालो. मग एकदम उजळतात — आणि एकदम पिल्लांवर तुटून पडतात."

शिन-रूच्या अंगावर सरसरून काटा आला. डोळ्यांना न दिसणारे जीव, आणि एकमेकांशी बोलतात! आपण मात्र महिनाभर या माणसाला नुसता चहा देतोय!

"यांना गप्प करता येतं?"

"दुसऱ्या टाकीत अजून थोडेच असतील. त्यांचे निरोप खाऊन टाकणारे जंतू आहेत माझ्याकडे. घालून बघू... खात्री नाही देत."

पहिली टाकी तिने स्वतः रिकामी केली, डोळे पुसत. दुसरीत त्याने दिलेली जंतूंची मातकट पूड घातली.

आठवड्याने दोघं पुन्हा कापडाखाली, या वेळी दुसऱ्या टाकीवर. तिने श्वास रोखून पाण्यात हात घातला. काळोख. नुसता काळोख! बोटांना पिल्लांची वळवळ तेवढी लागत होती.

"जगली रे... जगली!" ती हसली, रडलीही.

"रे?"

"चुकून..."

"असू दे ना." तो कुजबुजला. "शिन-रू, मीही महिनाभर गप्पच आहे. एकट्याने बोलायचं धाडस होईना."

"मग? तुमच्यात किती जण लागतात?"

"दोघं... पुरेत."

तिने ओला हात त्याच्या हातात दिला.

बाहेरून बाबा ओरडले, "अगं, दिसतंय का काही?"

"काहीच नाही, बाबा!"

"मग आत काय करताय एवढा वेळ?"