मॅटाडोरचं मागचं दार

मुरबाडहून सीटा आणायच्या होत्या. काम एवढंच. गेल्या कार्तिकातली संकष्टी, वार शनिवार, चंद्रोदय पावणेनवाच्या सुमाराला. तिथी-वार मुद्दाम सांगतोय, कारण तुम्ही पोरं पुढे म्हणाल, काका फेकतो. फेकतो मी, नाही म्हणत नाही. पण ही गोष्ट माझी नाही, कुंडलिकची आहे. आणि कुंडलिक माणूस असा, की 'जेवलास का रे?' म्हणून विचारलं तरी 'बघायला लागंल' म्हणेल. तो काय गोष्ट रचणार?

कुंडलिकचं घर शहापूरपासून दोन कोसांवर, किन्हवलीच्या रस्त्याला. अंगणात चिंचेखाली त्याची मॅटाडोर अठरा वर्षं उभी होती. उभी म्हणजे चाकं मातीत रुतलेली आणि पत्र्याची चाळण झालेली. ड्रायव्हरच्या जागेवर रंजिताच्या कोंबड्या अंडी घालायच्या. एकदा आत नाग शिरला होता म्हणतात, पण गंजाने नाक चोंदलं म्हणून तोही निघून गेला.

रंजिता म्हणजे कुंडलिकच्या धाकट्या भावाची, लडकूची बायको. एकाच अंगणात दोन घरं. दोघे भाऊ त्या मॅटाडोरवर शहापूर-मुरबाड वडाप करायचे, म्हणजे वाटेतली माणसं भरून न्यायचे. कुंडलिक स्टिअरिंगवर, लडकू मागच्या पायरीवर. मागच्या माणसाची भाषा तुम्हाला ठाऊक आहेच. तळहाताने पत्र्यावर एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हर आरशात बघत नाही. ठोके ऐकतो आणि गाडी काढतो.

अठरा वर्षांपूर्वी सरळगावच्या अलीकडच्या चढावर एक म्हातारी उतरली. तिची नाचणीची पिशवी मागच्या चाकापुढे पडली. ती काढायला लडकू वाकला. आणि कुंडलिकने गाडी काढली.

"दोन ठोके पडले," कुंडलिक म्हणाला. पोलिसांना म्हणाला, आईला म्हणाला, रंजितालाही म्हणाला. गाडीत चौदा माणसं होती. एकानेही ठोके ऐकले नव्हते. पोलिसांनी अपघात लिहून घेतला. रंजिता एवढंच बोलली, "बाकी कोणी नाय ऐकलं, भावजी." मग अठरा वर्षं तिने तो विषय काढला नाही. कालवण द्यायची, भाकरी द्यायची, दिवाळीला ओवाळायची. फक्त 'तुमचं खरं आहे' असं कधी म्हणाली नाही.

कुंडलिकने त्या दिवसापासून चाक हातात धरलं नाही. भातगिरणीवर कामाला लागला. त्याच्या आतलं काहीतरी तेव्हाच बंद पडलं. आई गेली तेव्हा तो रडला नाही, लेकीला नोकरी लागली तेव्हा हसला नाही. चहा हातात निवून जायचा. बायको अनिता तो परत गरम करून आणायची, आणि तोही निवायचा.

गाडी परत उभी करायची हे खूळ लडकूच्या पोराचं, प्रज्वलचं. बाप गेला तेव्हा हा दोन वर्षांचा. आता आसनगावला गॅरेजमध्ये पत्र्याचं काम करतो. कुंडलिकची लेक वैष्णवी त्याला सामील. गणपती गेले आणि दोघांनी कोंबड्या हाकलल्या.

"काका, भंगारवाला किलोवर मागतोय. देऊ का बनवू?"

"बनव," कुंडलिक म्हणाला. कोणी 'देऊ का' एवढंच विचारलं असतं, तर 'दे' म्हणाला असता.

मग दर रविवारी अंगणात हातोडी. प्रज्वल कुजका पत्रा कापायचा, नवा जोडायचा. वैष्णवी पॉलिश पेपर घेऊन घासायची आणि मोबाइलवर बघून त्याला शिकवायची.

"ताई, त्या व्हिडिओतल्या माणसाला बोलव ना मग. मी निजतो."

"तो सरळ पत्रा लावतो रे. तुझा बघ, पापडासारखा फुगलाय."

"फुगू दे. वरून लांबीचा लगदा भरला की दिसत नाय."

"लांबी भर, पण गाडीला भर. परवा चहात पडली."

रंजिता ओट्यावर बसून तांदूळ निवडायची. गाडीजवळ यायची नाही. कुंडलिक सांगतील ते करायचा. नट धर, धरला. रेड ऑक्साइड लाव, लावला. एकदा इंजिन चालू असताना त्याचा हात तापल्या पायपाला लागला. वास आला तेव्हा अनिता ओरडली. त्याने हात बघितला, जणू दुसऱ्याचा आहे.

रविवारी सगळ्यांनी टिटवाळ्याला जायचं ठरलं. राहिल्या फक्त सीटा. त्या मुरबाडच्या सीटवाल्याकडे. प्रज्वलला नेमकी रात्रपाळी, वैष्णवी कामावर.

"काका, तुमीच जा."

"मी?"

"लायसन केलंय ना नवीन? मग?"

कुंडलिक दुपारभर अंगणात बसून राहिला. चार वाजता उठला आणि निघाला. हात-पाय विसरले नव्हते. क्लच, गिअर, सगळं आपोआप. भीती वाटेल असं त्याला वाटलं होतं. तीही वाटली नाही.

मुरबाडला सीटा भरल्या. रेक्झिनच्या, लाल, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. छतापर्यंत रचल्या. मागे उंदराला जागा नव्हती. निघायला साडेसात झाले. सरळगाव सोडलं. रस्त्याला कापलेल्या भाताचा वास. चंद्र उगवायचा होता, अंधार दाट.

पुढे मोरीवर पेंढ्याने भरलेला ट्रॅक्टर आडवा आला. रस्ता त्यालाच पुरत नव्हता. कुंडलिकने गाडी कडेला घेतली आणि थांबला. पेंढा आरशाला घासून गेला. ट्रॅक्टरचा दिवा लांब गेला. वळला. दिसेनासा झाला.

घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं.

कुंडलिकने गिअर टाकला. आणि मग त्याला जागा कळली.

तोच चढ.

तो काही घाबरला नाही बरं. नुसता बघत राहिला. दिव्याच्या उजेडात रस्ता. रस्त्यावर पेंढ्याच्या काड्या. निघायचं म्हणून त्याने क्लच सोडायला घेतला...

मागून ठोका पडला. जोरात.

मग दुसरा. हळू.

चल.

पाय क्लचवर तसाच राहिला. त्याने वाट बघितली. काही नाही. इंजिनचा आवाज, बस्स. मग टॉर्च घेऊन उतरला. मागे गेला. कोणी नाही. वाकून चाकापुढे बघितलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हात घालून चाचपलं. माती होती.

परत येऊन बसला.

ठोका. ठोका.

"नाय," कुंडलिक म्हणाला. "मी नाय काढणार."

त्याने किल्ली फिरवली. इंजिन बंद. दिवे बंद. आता तर काहीच नाही. रातकिडेही...

ठोका.

ठोका.

त्याने खिशातून फोन काढला. घरचा नंबर लावला. अनिताचे हात पिठात होते. चंद्राची वाट बघत ओट्यावर बसलेल्या रंजिताने उचलला.

"कोण, भावजी? कुठं पोचलात?"

काय सांगणार? त्याने फोन समोर ठेवला. स्पीकर चालू केला.

"भावजी? आवाज नाय येत. हॅलो?"

गाडीत काळोख. फोनचा उजेड काचेवर.

ठोका पडला. जोरात.

दुसरा. हळू.

पलीकडे रंजिता बोलायची थांबली.

कुंडलिक ऐकत होता. तिचा श्वास येत होता. मागे कुठेतरी भाकरी थापल्याचा आवाज. मग तोही थांबला.

"गो रंजिता..."

"गप राहा जरा."

परत पडले. दोन.

फोनवरचे आकडे पळत होते, म्हणून वेळ जातोय एवढं त्याला कळत होतं.

"घराच्या दारावर पण असेच मारायचे," रंजिता म्हणाली. सपाट आवाजात, जणू शेजारणीशी बोलतेय. "पहिला जोरात. दुसरा हळू. पोरगा निजला असंल म्हणून."

"तुला... ऐकू आलं?"

"आलं."

"तेव्हा पण मारले होते गो. आधी मारले. मग पिशवी दिसली असंल त्याला."

"हं."

"मी खोटं नव्हतो बोललो."

"नाय. गाडी काढा, भावजी. ते चल म्हणतायत ना? काढा."

त्याने काढली. चढ संपला. मागून पुन्हा काही आलं नाही. त्याला हलकं वाटलं का, रडू आलं का, मी विचारलं. "नाय रे. थंडी वाजली," म्हणाला. "अठरा वर्षात पैल्यांदा."

अंगणात पोचला तेव्हा चंद्र वर आला होता. रंजिता उभी होती. तिचा उपास अजून सुटला नव्हता. टॉर्च घेऊन गाडीला वळसा घातला आणि मागच्या दारापाशी जाऊन थांबली.

त्या दाराला प्रज्वलने अजून कडी बसवली नव्हती. सीटवाल्याने काथ्याच्या दोरीने बांधून दिलं होतं. रंजिताने टॉर्च त्या गाठीवर धरला. अनिता आली, तिनेही बघितलं. भाताचा भारा बांधतात तशी गाठ होती. फक्त पीळ उलटा. डाव्या हाताचा.

लडकू डावखुरा होता. पंचक्रोशीत त्याचे भारे लांबून ओळखू यायचे.

सीटवाला डावखुरा असेल, म्हणाल. मलाही तेच वाटलं. म्हणून मी मुरबाडला गेलो, त्याच्याकडे सायकलची सीट शिवायला टाकली आणि तासभर बसून राहिलो. उजव्या हाताने शिवतो. गाठही उजवीच मारतो.

त्या रात्री सीटा बाजूच्या दाराने काढल्या, एकेक आडवी करून. टिटवाळ्याला गेले तेही बाजूच्याच दाराने चढून. प्रज्वलने कडी आणून ठेवली आहे. रंजिता बसवू देत नाही. गाडी रोज शहापूरला जाते-येते. मागचं दार काथ्याने बांधलेलं. गाठ कोणी सोडलेली नाही.