तानाजीकाकांचा बेसबॉलवाला

बेसबॉलच्या जुन्या कार्डाची प्रत ठरवताना चार गोष्टी बघतात: कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे की नाही. पहिल्या तिन्हींत थोडंफार मत चालतं. चौथी मात्र निव्वळ मोजमाप आहे, म्हणून मला ती आवडते.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय. ओमानमध्ये अल खौदला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करते आणि सुट्टीच्या दिवशी सीबच्या सूकमधल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, मजीदभाईंच्या दुकानासाठी अशी कार्डं तपासते. एक ते दहा गुण, खाली माझी सही.

आमच्या खालच्या मजल्यावर तानाजीकाका आणि जयवंतीकाकू राहतात. काका गुहागरकडचे, पंप मेकॅनिक, आता कायमचे गावी निघालेले. एका शुक्रवारी सकाळी ते असंच एक कार्ड घेऊन वर आले. त्यांच्या अमेरिकन अर्बाबने, म्हणजे मालकाने, ओमान सोडताना दिलेलं. बॅट खांद्यावर टेकवून उभा असलेला, मिशीवाला खेळाडू. याच्यामागे स्टंप का नाहीत, असं काकांनी विचारलं. स्टंप नसतातच म्हटल्यावर, मग हा बाद कसा होतो? मी सगळं समजावलं. त्यांना पटलं नाही.

मजीदभाईंचा शब्द होता की आठ गुण पडले तर कार्ड विकलं जाईल, आणि त्या पैशांत गावी एक जुनी होडी इंजिनासकट येणार होती. काकांनी ती बघूनही ठेवली होती. मोबाइलच्या पडद्यावर पूर्वी काकूंचा फोटो असायचा. आता होडी होती.

कोपरे सुरेख निघाले. पण डावीकडची पांढरी कड ३.२ मिलिमीटर, उजवीकडची १.८. आठ गुणांसाठी निदान तीन आणि दोन तरी हव्यात.

"म्हणजे दोन दशांशापायी होडी गेली?" काका म्हणाले.

मी हो म्हटलं. ते कार्ड घेऊन खाली गेले.

शनिवारी परत आले आणि पुन्हा मोज म्हणाले. डावी कड २.९. उजवी २.१. मी कॅलिपरचं शून्य तपासलं, दुसरा कॅलिपर आणला, तीनदा मोजलं. दमट हवेत कागद फुगतो, पण त्यावरची शाई चालत जात नाही. इथे तर खेळाडू मैदानासकट सरकला होता.

तुम्ही याला काय केलंत, मी विचारलं. काका लाजले.

"काही नाही गो. जरा सरक म्हटलं त्याला."

"कोणत्या भाषेत?" हा प्रश्न मला का पडला, ते आजही कळत नाही.

"हिंदीत. थोडा उधर हो जा, बोललो. इथे सगळ्यांना समजते."

मी आजचं माप लिहिलं. आजचं माप हेच आजचं सत्य, अशी स्वतःची समजूत घालून आठ गुण दिले आणि सही केली. रविवारी संध्याकाळी मजीदभाईंकडे जायचं ठरलं.

रविवार इथे कामाचा. मी कामावरून आले, तर काकू दारातच उभ्या होत्या. चेहरा खुललेला. एवढी किमती वस्तू, कुणाचा घामट हात लागायला नको, म्हणून त्यांनी दुपारी कोपऱ्यावरच्या टायपिंगवाल्याकडून कार्ड लॅमिनेट करून आणलं होतं. गल्फमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईने कागद जपायचा तो असाच. लग्नपत्रिकासुद्धा त्यांनी अशीच जपलीय.

मागून काका आले. प्लास्टिक चढलेल्या कार्डाला गुण देता येत नाहीत, हे मला दोघांना सांगावं लागलं.

मी मजीदभाईंना फोन लावला. त्यांनी बराच वेळ सुस्कारे टाकले, मग सांगितलं की दुबईला एक जण रसायन वापरून प्लास्टिक अलगद सोडवतो. पंधरा दिवस लागतील. गिऱ्हाईक थांबेल, इन्शाल्ला. पण तोवर ब्लेड लावायचं नाही. कोपरा गेला की खलास.

म्हणजे होडी अजून शाबूत होती. काकूंनी डोळे पुसून चहा ठेवला.

मी नोंदीसाठी कार्ड भिंगाखाली धरलं. प्लास्टिकच्या आतून, खेळाडूच्या मिशीसमोर, मोहरीएवढी वाफ धरली होती. कागदातला ओलावा असेल.

वाफ विरली.

पुन्हा धरली.

मी घड्याळ लावलं. मिनिटाला बावीस वेळा.

चहा होईपर्यंत एकतीस.

मी काकांना भिंग दिलं. त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पंधरा दिवस बोलला ना मजीद?"

"हो."

त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. "काप."

"काका, कोपरा जाईल."

"काप गो. गुदमरतोय तो."

प्लास्टिक चिकटलेलं होतं. ब्लेडने वरची कड कापताना उजवा कोपरा निघालाच. वाफ गेली. काका कार्डाकडे वाकून हळूच सॉरी म्हणाले आणि ते शर्टच्या खिशात ठेवलं, तोंड बाहेर येईल असं. जुना दाखला फाडून मी नवा लिहिला: गुण एक.

टेबलावर प्लास्टिकची कापलेली पट्टी उरली होती. टाकण्याआधी मी ती भिंगाखाली धरली.

आतल्या बाजूला बोटांचे ठसे होते. दोन्ही हातांचे. मी मोजले. सर्वांत मोठा एक मिलिमीटर, अंगठ्याचा.