आत पाणी आहे, थांबा

"आत पाणी आहे. थांबा."

द्वारपाल यंत्रमानव हे एकच वाक्य तासभर बोलत होता, आणि मिहिकाची पाचावर धारण बसली होती. कारण काचेपलीकडची खोली कोरडी ठणठणीत होती! समुद्रतळावरच्या या केंद्रात बाहेरून येणारा माणूस आधी त्या कपाटाएवढ्या खोलीत येई, पाणी उपसलं जाई आणि मग आतलं दार उघडे. आज वैजूआत्या त्या खोलीत अडकली होती. आतली हवा जड होत चालली होती. बाकीची मंडळी वर बोटीवर, आणि खाली फक्त मिहिका.

द्वारपालाचे दोन्ही दिवे-डोळे काचेवर रोखलेले होते. पण तो बघतच नव्हता. कोरड्या खोलीकडे तोंड करून तो शांतपणे म्हणाला, "आत पाणी आहे. थांबा."

"मिहू," स्पीकरमधून आत्याचा धापा टाकणारा आवाज आला, "काल प्रोग्राममध्ये काही बदललंस?"

मिहिकाला रडू फुटलं. "एक लांबलचक शब्द काढला गं. उगाच वाटला. काढल्यावर काही बिघडलंही नाही!"

"रडणं नंतर. पाणी तपासणारी ओळ पडद्यावर आण. मूळची अशी होती."

आत्यानं एकेक अक्षर सांगितलं:

*(volatile uint8_t *)0x40

"उजवीकडून वाच. शेवटचा नुसता आकडा. कंसातला तारा म्हणतो, हा आकडा म्हणजे पत्ता आहे, रजिस्टरचा (चिपमधल्या छोट्या कप्प्याचा). uint8_t म्हणजे त्या कप्प्यात आठ बिटांचा (आठ शून्य-एकांचा) आकडा मावतो. आणि सगळ्यात पुढचा तारा?"

"त्या पत्त्यावर जा आणि आत काय आहे ते बघ?"

"शाब्बास! पाणी असलं की खोलीतला सेन्सर तिथे एक लिहितो, नसलं की शून्य. एक आहे तोवर दार बंद."

"मग आता शून्य असेल ना? हा बघत का नाही?"

"कंपायलरमुळे (आपला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्यामुळे). त्यानं पाहिलं, प्रोग्राममध्ये हा आकडा कुणीच बदलत नाही. मग पुन्हा पुन्हा कशाला बघायचं? एकदाच बघितलं, एक होता, तोच धरून बसला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! तू काढलेला व्होलाटाइल त्याला बजावतो, बाबा रे, हा आकडा तुझ्या नकळत बदलेल, दर वेळी नव्यानं बघ." आत्याला खोकला आला. "लवकर, बाळा."

मिहिकानं शब्द परत लिहिला आणि प्रोग्राम चिपमध्ये भरला. द्वारपालाचे डोळे विझले. मग हळूच पेटले.

"आत पाणी नाही," तो म्हणाला, आणि दार सरकलं. मिहिकानं आत्याला अशी मिठी मारली की दोघी खालीच बसल्या.

"आत्या, तो शब्द मी आणखी एका ओळीतूनही काढला होता. बाहेरच्या पाण्यातला आवाज मोजणाऱ्या."

तिनं तिथेही तो परत घातला. कालपासून पडद्यावर सात हाच आकडा गोठलेला होता. आता तो हलला. नऊ. तीस. दोनशे बारा. थांबला. पुन्हा नऊ, तीस, दोनशे बारा.

"हे आकडे कोण बदलतंय?" मिहिका कुजबुजली.

"आपण नाही, एवढं नक्की. कदाचित कालपासून कुणीतरी बोलत असेल, आणि आपण ऐकतच नव्हतो."

मिहिकानं खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि आकडे टिपायला वही उघडली.