अतुलपाशी अर्धा तास

बसा, पोरांनो. अझहर, तो दिवा राहू दे तसाच. भुताखेतांवर माझा विश्वास आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. छत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, तरीही. हे घडलं माझ्या मित्राच्या, तात्यासाहेबांच्या बाबतीत. मी फक्त गाडी चालवत होतो. निदान आजवर मी तसंच सांगत आलोय.

दोन हजार पंचवीसची एकोणतीस जानेवारी. बुधवार, अमावास्या. संध्याकाळी आम्ही दोघं पिशोर गावी निघालो. काम साधं होतं, सुकेशनीला भेटायचं. ती अकरा वर्षं तात्यासाहेबांकडे स्वयंपाकाला होती. एकुलता एक मुलगा अतुल, चौथीत होता. आदल्या पावसाळ्यात तापानं गेला. तेव्हापासून ती पिशोरला भावाकडे राहते.

डिसेंबरात तात्यासाहेब जपानला गेले होते. देवळं आणि बागा बघायची बारा दिवसांची सहल. निघायच्या आदल्या दिवशी सुकेशनीनं अतुलचं शाळेचं ओळखपत्र आणून दिलं. निळी फीत, फोटोत भांग पाडलेला.

"तिथल्या बुद्धाच्या पायापाशी ठेवा, सर. अन् लगेच उठू नका. उलीसं बसा त्याच्यापाशी. लेकरू एकलं कधी ऱ्हायलं नाय."

तात्यासाहेब हो म्हणाले.

पुढचं त्यांनी मला त्या दिवशी गाडीत सांगितलं. क्योटोच्या एका देवळात ते अनवाणी उभे होते, लाकडी जमीन बर्फासारखी गार. सगळं इतकं नीटनेटकं की मूर्तीपुढं काही ठेवायची त्यांना लाज वाटली. बाहेर बागेत शेवाळावर बर्फ पडलेला होता. तिथल्या एका दगडावर त्यांनी ओळखपत्र ठेवलं आणि बसकडे पळाले. थंडी, गाइडची घाई. मागून एक म्हातारा माळी धावत आला. कमरेत वाकून, दोन्ही हातांनी त्यानं ते परत दिलं. कुणा मुलाचं चुकून राहिलं, असं समजून. त्यानंतर कुठंच ठेवायचा धीर झाला नाही. शेवटी विमानतळावर त्यांनी ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"आज तिला खरं सांगतो," ते म्हणाले. "त्याशिवाय मला झोप यायची नाही."

पिशोरला पोचल्यावर सुकेशनीनं चहा केला. कप हातात देताना म्हणाली, "बसलात ना, सर, त्याच्यापाशी?"

तात्यासाहेबांचे ओठ हलले. ते कपातल्या चहाकडे बघत राहिले. मला ते बघवेना. आणि मी बोलून गेलो.

"बसले की! चांगला अर्धा तास बसले."

तिनं पदर डोळ्यांना लावला, पण हसली. "मंग त्याला थंडी नसल वाजली."

तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"काका, लेकिन इसमें भूत किधर है?"

येतोय, अझहर. आणि सोनिया, तू त्याला चिमटे काढू नकोस.

नऊ चाळीसला आम्ही परत निघालो. दोन्ही बाजूंना कपाशीची रानं, समोर एकही गाडी नाही. गाव मागं पडलं आणि गाडीत आवाज सुरू झाला. टिंग... टिंग... टिंग. माझी गाडी नवीन आहे. मागं कुणी पट्टा न लावता बसलं की ती अशी वाजते.

मागं कुणी नव्हतं. साधी पिशवीसुद्धा नव्हती.

"सेन्सर बिघडला असेल," मी म्हणालो.

"थांबवा गाडी."

"तात्यासाहेब, अहो इथं रानात..."

"थांबवा."

ते उतरले. मागचं दार उघडून उजव्या बाजूला बसले. पट्टा लावला. तो खटका मी ऐकला.

टिंग... टिंग...

समोर लाल खूण दिसत होती. मागच्या डाव्या सीटची.

"तात्यासाहेब..."

"गप्प बसा. अर्धा तास म्हणालात ना तुम्ही?"

मी गाडी तिथंच उभी ठेवली. आरशात बघितलं नाही. बघायला हवं होतं का? माहीत नाही. मागून तात्यासाहेबांचा हलका आवाज येत होता. कुणाला तरी काही समजावल्यासारखा. मधेच ते थांबायचे. कुणाचं तरी ऐकल्यासारखे...

दहा वीसला, ते मागं बसल्यापासून बरोबर अर्ध्या तासानं, आवाज थांबला. लाल खूण विझली.

"चला," ते म्हणाले.

घरी उतरताना त्यांचा चेहरा मोकळा होता. "उतरला बहुतेक," म्हणाले. मी गाडी आणून माझ्या दारात लावली आणि मागं न बघता आत गेलो.

सकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी सुकेशनीलाही फोनवर सगळं सांगून टाकलं होतं. तिनं एवढंच विचारलं म्हणे, "मंग ते दुसरे सर खोटं कामून बोलले?"

एकट्यानं पिशोरला जावं, तिच्या पाया पडावं, असं वाटलं. किल्ली घेऊन खाली आलो. गाडीचं दार उघडलं.

मागच्या डाव्या सीटचा पट्टा लावलेला होता.

रिकाम्या सीटवर पट्टा लावला, तर तो आतून ओढला जातो आणि पाठीला चपटा टेकतो. स्प्रिंग असते. कुणालाही समजावून सांगेन मी ते.

हा टेकला नव्हता. सीट आणि पट्टा यांच्यामध्ये पोकळी होती.

चौथीतल्या मुलाच्या अंगाएवढी.