नीलिमाचा पहिला वाचक

अंबरनाथ स्टेशनाबाहेर भाजीवाल्या बसायच्या तिथे एक तरुण भांडत होता, पण त्याचा आवाजच फुटत नव्हता. गळा धरून, खोकत तो पुतळीला म्हणाला, "तुझी शेवळं खराब होती. काल खाल्ली आणि तेव्हापासून घशात... सुया टोचतायत."

पुतळी बारवीकडच्या डोंगरातली. पावसाच्या तोंडावर शेवळांची रानभाजी घेऊन यायची. ती मुळीच डगमगली नाही. "शेवळं खाजरीच असतात, दादा. म्हून तर संगती काकडं दिलती. ती घातलीस का?"

"ती हिरवी आंबट फळं? फेकली मी. कृतीत नव्हतीच ती!" त्याने खिशातून मासिकाचं फाडलेलं पान काढलं. "हे बघ, छापलंय."

"मला कुठं वाचता येतं? ज्या बाईनं लिवलं तिला जाऊन इचार."

ती बाई मागेच उभी होती. नीलिमा टिपणीस, नुकती बी. ए. झालेली, अंबरनाथच्याच कारखान्यातल्या अधिकाऱ्याची मुलगी. ते पान तिने लांबूनच ओळखलं. तिचं छापून आलेलं ते पहिलं लिखाण. काकडाच्या रसाशिवाय शेवळं शिजवायची नसतात हे तिच्या घरात लहान पोरालाही ठाऊक होतं, म्हणूनच ते लिहायचं तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

गुपचूप निघून जाता आलं असतं. पण भोवती माणसं जमली होती आणि एका बाईने हातातली शेवळं परत टोपलीत ठेवली होती.

"तिचा माल चांगला आहे," नीलिमा पुढे होऊन म्हणाली. "चूक माझी. ते मी लिहिलंय."

त्याने तिच्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. "नी. टिपणीस म्हणजे... मला वाटलं, साठीच्या बाई असतील."

"आणि मला वाटलं, कृती फक्त बायकाच वाचतात." तिचे कान तापले. "चिंच घेऊन चघळा. बरं वाटेल."

"किती?"

"अहो, अंदाजाने!"

"हेच ते! पानभर अंदाजाने लिहिलंय. माझ्याकडे अंदाजच नाहीये, बाई."

तो तरुण, चिंतामणी ताम्हणे, मूळचा बडोद्याचा. कारखान्यात नकाशे काढायचा, कुळगावात भाड्याच्या खोलीत एकटाच राहायचा. खानावळीला कंटाळून त्याने स्टोव्ह घेतला होता. नीलिमाने तिथेच त्याला विचारलं, "यापुढे मासिकाला पाठवण्याआधी माझी कृती तुम्ही करून बघाल? तुम्हाला जमली तर कुणालाही जमेल."

"ही स्तुती आहे की..."

"गरज आहे," ती म्हणाली.

तो रविवारी टिपणिसांच्या व्हरांड्यात येऊ लागला. आईने आडनाव ऐकताच बडोद्याची कुठलीशी चुलत आत्या शोधून काढली, त्यामुळे येण्याजाण्याचा प्रश्न मिटला. तो बिरड्याची कृती वाचायचा आणि विचारायचा, "वाल सोलायचे म्हणजे नेमकं काय काढायचं?" "फोडणी झाली हे कळणार कसं?" नीलिमा आधी चिडायची, मग स्वयंपाकघरात जाऊन मोहरीकडे नीट बघायची, मग लिहायची. आजवर हातांना जे येत होतं ते तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

एकदा तो म्हणाला, "तुमचे सगळे पदार्थ रुचकर कसे? शेवटचं वाक्य प्रत्येक वेळी तेच आहे."

तिला राग आला, कारण ते खरं होतं. त्या आठवड्यात ती आईला घेऊन कॅम्प चारला, फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या वस्तीत गेली. बाबांच्या ओळखीच्या मोतीबाई सिंधी कोकी करत होत्या. जाड रोटी, कांदा घातलेली. "बेटी, पहले खाओ, बाद में लिखो," मोतीबाई म्हणाल्या. नीलिमाने तसंच केलं. लेखात तिने लिहिलं की कोकीची कड दाताखाली कुरकुरते आणि आत कांदा गोडसर लागतो, आणि कराचीच्या घराबद्दल बोलताना मोतीबाईंची रोटी तव्यावर करपली तेव्हा त्यांनी ती हसून स्वतःच्या ताटात घेतली.

चिंतामणीने लेख वाचून संपवला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मग हळूच म्हणाला, "भूक लागली."

ती उगाचच पदर सारखा करत आत निघून गेली... पण दाराआड थांबलीच.

संपादकांनी तो लेख पहिल्या पानावर घेतला आणि वर्षभराचं सदर देऊ केलं.

दिवाळीनंतर ती आईबरोबर कुळगावात एका पूजेला गेली. तिथे कौसाबाई भेटल्या, चिंतामणीच्या घरमालकीण. "आमचा भाडेकरू काय पुरणपोळ्या करतो, म्हणून सांगू! एक फाटेल तर शपथ."

नीलिमाच्या हातातला प्रसाद हातातच राहिला. गेल्याच रविवारी त्याने विचारलं होतं, कणीक भिजवताना आधी पाणी घ्यायचं की पीठ? त्या एका प्रश्नापायी तिने अख्खी कृती नव्याने लिहिली होती.

रविवारी तो आला तेव्हा ती उभीच राहिली. "तुम्हाला सगळं येतं. मग मी कुणाच्या भरवशावर लिहीत होते? सदर घेतलंय मी. माझं लिखाण जमलंय की नाही, हे मला आता कळणार कसं?"

त्याने नाकारलं नाही. "गणपतीपर्यंतचे प्रश्न खरे होते. नंतरचे... रविवार बुडू नये म्हणून."

"म्हणजे खोटे!"

"खोटे. पण एक सांगू? मी आलो तेव्हा मला धड वरण येत नव्हतं. मला कुणी हात धरून शिकवलं नाही. आई बडोद्याला, बहीण नाही. तुमचे कागद स्टोव्हशेजारी ठेवून शिकलो. मला पुरणपोळी येते, यावरून तुमचं लिखाण कसं आहे ते कळत नाही का?"

नीलिमा खुर्चीत बसली. त्याच्या मनगटाजवळ भाजल्याचा जुना डाग होता. आज तिला तो पहिल्यांदाच दिसला.

"पुढे काही विचारायचं असेल," ती खाली बघत म्हणाली, "तर खरंच विचारा."

"खरं विचारायचं तर... लग्न कराल माझ्याशी?"

"लिहिणं सोडणार नाही मी."

"सोडू नका. फक्त रोजचा स्वयंपाक वाटून घेऊ. मला तुमच्या हातचंही खायचंय, नुसतं वाचायचं नाही."

ती हसली. मान हलली, जराशीच, पण त्याला तेवढी पुरली. त्याने हात पुढे केला, पण आत भांडं वाजलं तसा पटकन मागे घेतला.

"बाबा आत पेपर वाचतायत," ती कुजबुजली. "आजच बोला."

"आत्ता? काय... कसं बोलू?"

"तुमचं तुम्ही बोला. हे मी लिहून देणार नाही." तिने उठून त्याच्यासाठी दार उघडलं, आणि आधी स्वतःच आत गेली.